मूल दत्तक घ्यायचंय, पण पैशांचं काय? मदत कुठे मिळते, कुठे नाही आणि कुठे फसवणूक होते

'मूल दत्तक घेण्यासाठी आर्थिक मदत' असं गुगलवर टाकून बघा. ग्रँट, अडॉप्शन लोन, टॅक्स क्रेडिट, देणगी देणारी फाउंडेशन्स अशी भलीमोठी यादी समोर येते. वाचून बरं वाटतं. थोडं खाली गेलं की रकमा डॉलरमध्ये दिसायला लागतात आणि लक्षात येतं की ही सगळी माहिती अमेरिकेची आहे.

तिथे खासगी संस्थेमार्फत मूल दत्तक घ्यायला हजारो डॉलर लागतात, म्हणून तिथे मदतीचीही एक अख्खी व्यवस्था उभी राहिली आहे. आपल्याकडे तसं नाही. दत्तक शुल्क भरण्यासाठी अनुदान देणारी कोणतीही केंद्रीय योजना भारतात नाही. पण हे ऐकून लगेच निराश होऊ नका, कारण आपल्याकडे कायदेशीर दत्तक प्रक्रियेचा खर्चच मुळात ठरलेला आणि बराच कमी आहे. बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं. 'पाच-सात लाख तरी लागत असतील' असा अंदाज बांधून ते एक तर विषय सोडून देतात किंवा नको त्या माणसाच्या हाती पैसे देतात.

नक्की किती पैसे लागतात?

भारतात अनाथ, सोडून दिलेल्या किंवा आईवडिलांनी कायदेशीररीत्या संस्थेच्या स्वाधीन केलेल्या मुलांचं दत्तक विधान बाल न्याय कायदा २०१५ नुसार होतं. हे काम पाहणारी सरकारी यंत्रणा म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, अर्थात 'कारा'. नोंदणी काराच्या पोर्टलवर ऑनलाइन होते आणि किती पैसे घ्यायचे हे 'दत्तक नियमावली २०२२' मध्ये ठरवून दिलेलं आहे.

भारतात राहणाऱ्या पालकांसाठी हिशेब असा आहे. समाजसेविका किंवा समाजसेवक घरी येऊन पाहणी करतात आणि अहवाल तयार करतात, त्याचे ६,००० रुपये. मूल घरी नेताना संस्थेच्या बाल संगोपन निधीसाठी ५०,००० रुपये. मूल घरी आल्यावर पुढची दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी एक अशा चार भेटी होतात, त्या प्रत्येक भेटीचे २,००० रुपये. बेरीज केली तर ६४,०००. ही रक्कम तुमच्या पगारावर ठरत नाही. मुलाचा रंग, मुलगा की मुलगी, वय किती यावरही नाही. (नियमावली बदलली की आकडे बदलतात, त्यामुळे पैसे भरण्याच्या दिवशी पोर्टलवरचा तक्ता पुन्हा एकदा पाहा.)

यात दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. ही रक्कम रोख द्यायची नसते आणि तिची पावती मिळते. आणि संस्थेला ठरलेल्या शुल्कापलीकडे 'देणगी' मागता येत नाही, पैशाच्या रूपात नाही आणि वस्तूच्या रूपातही नाही. 'साहेब, आश्रमाला एक फ्रीज द्या' हेही नियमात बसत नाही.

वकिलाचा खर्चही अनेकांच्या डोक्यात असतो. पूर्वी दत्तकाचा आदेश न्यायालय देत असे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर, १ सप्टेंबर २०२२ पासून, कायद्याने हा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे दिला. आदेशासाठीचा अर्ज संस्था करते. तुम्ही स्वतः वकील शोधत फिरायचं कारण नाही.

मग लाखांचे आकडे येतात कुठून?

इथे जरा थांबूया, कारण सोशल मीडिया वापरणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं.

फेसबुक ग्रुपवर किंवा व्हॉट्सॲपवर कधी ना कधी असा मेसेज तुम्ही पाहिला असेल: 'दोन महिन्यांचं बाळ आहे, आईवडील नाहीत, गरजूंनी संपर्क साधावा.' खाली एक मोबाइल नंबर. २०२१ च्या मे महिन्यात, कोरोनाची दुसरी लाट भरात असताना, असे मेसेज धडाधड फिरत होते. पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मनात कळवळाच होता. पण त्या वेळी केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाला असे मेसेज पुढे पाठवू नका, असं जाहीर सांगावं लागलं आणि जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा दत्तक व्यवहार करणाऱ्यांवर कारवाई करण्याचे आदेश राज्यांना दिले.

या नंबरवर फोन केला की गोड बोलणं सुरू होतं. 'काराच्या रांगेत चार वर्षं जातील, आपण पंधरा दिवसांत करून देतो.' मग हॉस्पिटलचं बिल, आईच्या बाळंतपणाचा खर्च, 'कागदपत्रांचे' पैसे. शेवटी पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून बाळ हातात. कायद्याच्या नजरेत हे दत्तक नाही. ही मुलाची खरेदी आहे.

बाल न्याय कायद्याच्या कलम ८१ नुसार मूल विकणं किंवा विकत घेणं यासाठी पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड होऊ शकतो. रुग्णालयातल्या माणसाने हे केलं असेल तर शिक्षा तीन ते सात वर्षं. ठरलेली प्रक्रिया डावलून दत्तक देणं-घेणं यासाठी कलम ८० मध्ये वेगळी शिक्षा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख दंड, किंवा दोन्ही. 'घेणारा' म्हणून तुम्हीही आरोपी होता. आणि तुरुंगापेक्षा मोठी भीती वेगळीच आहे. दोन-तीन वर्षं ज्याला 'आई' म्हणायला शिकवलं ते मूल एका सकाळी बाल कल्याण समितीच्या ताब्यात जाऊ शकतं.

नात्यातलं मूल हिंदू दत्तक व निर्वाह कायदा १९५६ नुसार दत्तक घेण्याची सोय आहे, हे खरं. पण त्याच कायद्याचं कलम १७ सांगतं की दत्तकाच्या बदल्यात पैसे देणं किंवा घेणं हा गुन्हा आहे. म्हणजे कोणत्याही वाटेने गेलात तरी मुलाची 'किंमत' बसत नाही.

त्यामुळे साधी खूणगाठ बांधा. कुणी ठरलेल्या शुल्कापेक्षा जास्त मागत असेल तर तो तुमची अडचण सोडवत नाहीये. अशी पोस्ट दिसली तर पुढे पाठवू नका, १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर कळवा.

६४ हजार एकदम कुठून आणायचे?

एकदम आणायचेच नसतात. सल्ले देणारे सहसा ही बाजू सांगत नाहीत.

काराच्या यादीत हजारो इच्छुक पालक आहेत आणि दत्तक देण्यासाठी कायदेशीररीत्या मोकळी झालेली लहान मुलं त्या मानाने फार कमी. त्यामुळे निरोगी लहान बाळासाठी नोंदणीनंतर साधारण तीन वर्षं किंवा त्याहून अधिक थांबावं लागतं. हे थांबणं जिवावर येतं, त्यात शंका नाही. पण पैशाच्या बाजूने पाहिलं तर तोच काळ तुमच्या कामी येतो.

समजा, इचलकरंजीतलं एक जोडपं आहे. तो यंत्रमागावर, ती शिवणकाम करते, दोघांचं मिळून महिन्याला ३०-३२ हजार. नोंदणीच्या वेळी त्यांना गृहभेट अहवालाचे ६,००० लागतील. त्याच महिन्यात त्यांनी पोस्टात १,५०० रुपयांचं आवर्ती खातं उघडलं, तर तीन वर्षांत व्याज सोडूनही ५४,००० जमतात. म्हणजे मूल घरी आणण्याच्या दिवशी द्यायची रक्कम तयार. उरलेले ८,००० पुढच्या दोन वर्षांत, चार हप्त्यांत. कर्जाचा प्रश्नच येत नाही.

पर्सनल लोन काढून दत्तक घेण्याचा विचार असेल तर माझं मत स्पष्ट आहे: टाळा. एक तर ६४ हजारांसाठी त्याची गरज नाही. दुसरं म्हणजे पालक आर्थिकदृष्ट्या सक्षम असावेत अशी नियमावलीतली अट आहे आणि गृहभेटीत उत्पन्नाचे कागद पाहिले जातात. नियमाने अमुक इतकंच उत्पन्न हवं असा आकडा नाही, भाड्याचं घर चालतं, शेती किंवा छोटा धंदाही चालतो. पाहिलं जातं ते हे की मुलाचं नीट होईल का. अशा वेळी नुकतंच काढलेलं चौदा-पंधरा टक्क्यांचं कर्ज काही चांगली साक्ष देत नाही.

शुल्काखेरीज काही खर्च मात्र धरायलाच हवेत. मूल दुसऱ्या राज्यातल्या संस्थेत असू शकतं. रेल्वेचं भाडं, तिथला मुक्काम, मुलाचे वैद्यकीय अहवाल आपल्या ओळखीच्या बालरोगतज्ज्ञाला दाखवण्याची फी, घरी आल्यावर पाळणा, कपडे, लसी. पोर्टलवर मुलाची माहिती आली की ४८ तासांत होकार कळवावा लागतो आणि त्यानंतर भेटीची घाई असते. तेव्हा 'आता पैसे कुठून आणू' असं होऊ नये म्हणून वीस-पंचवीस हजार वेगळे असलेले बरे.

खरा खर्च रजेचा

मूल घरी आलं की कुणीतरी घरी राहायला हवं. संस्थेत वाढलेल्या मुलाला तर जास्तच. बिनपगारी सहा महिने म्हणजे कित्येक घरांत दीड-दोन लाखांचा फटका. त्यामुळे भारतात दत्तक पालकांना मिळणारी सगळ्यात मोठी 'आर्थिक मदत' म्हणजे भरपगारी रजा. आणि तीच मागायला लोक कचरतात.

केंद्र सरकारी नोकरीतल्या महिलेला, दोनपेक्षा कमी हयात मुलं असतील आणि दत्तक बाळ एक वर्षाच्या आतलं असेल, तर १८० दिवसांची दत्तक रजा पूर्ण पगारासह मिळते. पुरुष कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते, ती दत्तकाच्या तारखेपासून सहा महिन्यांत घ्यावी लागते. याशिवाय महिला कर्मचाऱ्यांना आणि एकल पुरुष पालकांना संपूर्ण नोकरीत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा असते. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांसाठी दत्तक रजेचे स्वतंत्र शासन निर्णय आहेत. आस्थापना शाखेत जाऊन त्यांची प्रत मागा. 'अशी रजा नसते' असं तोंडी उत्तर मिळालं तर लेखी अर्ज द्या.

खासगी क्षेत्रातलं चित्र गुंतागुंतीचं आहे. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि दत्तक मातेला १२ आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. पण त्यात एक मेख ठेवली गेली: बाळ तीन महिन्यांच्या आतलं हवं.

ही अट कागदावर साधी दिसते. प्रत्यक्षात काय होतं बघा. आईने बाळ संस्थेच्या स्वाधीन केलं की तिला निर्णय बदलण्यासाठी दोन महिने दिले जातात. सापडलेल्या बाळाच्या बाबतीत आईवडिलांचा शोध घ्यावा लागतो. त्यानंतर बाल कल्याण समिती बाळ दत्तकासाठी मोकळं झाल्याचं जाहीर करते, मग पोर्टलवर माहिती, पालकांचा होकार, भेट, कागदपत्रं. एवढं सगळं उरकून बाळ घरी येईपर्यंत तीन महिने बहुतेक वेळा उलटलेले असतात. म्हणजे कायद्याने एका हाताने रजा दिली आणि प्रक्रियेने दुसऱ्या हाताने काढून घेतली. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं. रजेचा अर्ज करण्याआधी त्या प्रकरणाची आणि नव्या सामाजिक सुरक्षा संहितेची ताजी स्थिती नक्की बघा.

कायदा काहीही म्हणो, अनेक कंपन्यांच्या स्वतःच्या धोरणात दत्तक रजा त्याहून मोठी असते. काही ठिकाणी वडिलांनाही असते. एचआरला नोंदणीच्या वेळीच विचारून ठेवा, मूल यायच्या आदल्या दिवशी नको. तुमचा पगार ईएसआयमधून कापला जात असेल तर तिथेही दत्तक मातेसाठी मातृत्व लाभ आहे. त्यासाठी आधीच्या दोन अंशदान कालावधींत किमान ७० दिवसांचं अंशदान भरलेलं असावं लागतं.

विशेष गरज असलेलं मूल असेल तर

ज्यांना आधीच दोन किंवा अधिक मुलं आहेत अशा जोडप्यांना २०२२ च्या नियमावलीनुसार फक्त विशेष गरज असलेली किंवा सहजी घर न मिळणारी मुलं दत्तक घेता येतात. पण इतरही पालक हा मार्ग आपणहून निवडतात. इथे प्रतीक्षा खूपच कमी असते, खर्च मात्र पुढे उभा राहतो, कारण उपचार वर्षानुवर्षं चालतात. आणि सरकारी मदतही इथेच सगळ्यात जास्त आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची जन्मजात दोषांसाठी तपासणी होते आणि पुढचे उपचार मोफत होतात. दुभंगलेले ओठ किंवा हृदयातलं छिद्र ऐकून माघार घेण्याआधी जिल्हा रुग्णालयातल्या या विभागात जाऊन बोला. महाराष्ट्रात महात्मा फुले जन आरोग्य योजनेखालीही अनेक शस्त्रक्रिया होतात, त्यासाठी मुलाचं नाव रेशन कार्डावर लवकर चढवा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर नॅशनल ट्रस्टची 'निरामय' आरोग्य विमा योजना एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते, त्यात थेरपीचा खर्चही येतो. अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर जुन्या करप्रणालीत ७५,००० रुपयांची, आणि अपंगत्व तीव्र असेल तर १,२५,००० रुपयांची वजावट मिळते.

साध्या दत्तकाच्या खर्चावर मात्र आपल्याकडे आयकरात वेगळी सूट नाही. आयकर कायद्यासाठी दत्तक मूल हे तुमचंच मूल आहे, त्यामुळे शाळेची फी, आरोग्य विम्याचा हप्ता वगैरे नेहमीच्या सवलती त्याच्यासाठीही लागू. कंपनीच्या ग्रुप विम्यात मुलाचं नाव आदेश हातात आल्याबरोबर घाला. नवीन सदस्य जोडायला बहुतेक ठिकाणी ठरावीक दिवसांचीच मुदत असते.

बालसंगोपन योजनेचे पैसे दत्तक घेतल्यावर मिळतात का?

हा प्रश्न हमखास विचारला जातो, विशेषतः भावाबहिणीचं पोरकं झालेलं मूल सांभाळणाऱ्यांकडून. उत्तर: नाही, आणि त्यामागे कारण आहे.

महाराष्ट्राची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना दरमहा २,२५० रुपये देते. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधून प्रायोजकत्व किंवा प्रतिपालकत्वासाठी दरमहा ४,००० रुपये मिळू शकतात. या दोन्ही मदती अशा मुलांसाठी आहेत ज्यांचे आईवडील नाहीत किंवा त्यांना सांभाळू शकत नाहीत. दत्तकानंतर तुम्ही कायद्याने आईवडील होता, म्हणून तो आधार थांबतो.

त्यामुळे मेलेल्या भावाची मुलगी तुमच्याकडे वाढत असेल आणि घरात पैशाची ओढाताण असेल, तर आधी दत्तक की आधी बालसंगोपन, याचा विचार शांतपणे करा. तिचं प्रेमाने संगोपन करायला दत्तकाचा कागद लागतोच असं नाही. वारसाहक्क आणि नाव यासाठी मात्र तो लागतो. आणखी एक वाट आहे. सहा वर्षांवरच्या, संस्थेत राहणाऱ्या मुलांना प्रतिपालक कुटुंब म्हणून घरी नेता येतं, आणि २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार दोन वर्षांनंतर त्या मुलाला दत्तक घेण्याचा विचार होऊ शकतो.

क्राउडफंडिंग करावं का?

मुलाच्या शस्त्रक्रियेसाठी करता येईल, दत्तक शुल्कासाठी करू नका. शिवाय पोर्टलवरून आलेला मुलाचा फोटो, नाव, संस्थेचा पत्ता असं काहीही पोस्ट करू नका. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करणं हा कलम ७४ नुसार गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'आमच्याकडे लवकरच येतंय' म्हणून आनंदाने टाकलेला फोटोही यात अडकू शकतो. आदेश हातात येईपर्यंत तो फोटो घरच्यांपुरताच ठेवा.

परदेशातल्या मराठी वाचकांसाठी एक ओळ: अमेरिकेत कर भरत असाल तर सुरुवातीला म्हटलेलं ते टॅक्स क्रेडिट तुमच्या कामाचं आहे. २०२५ सालासाठी त्याची कमाल मर्यादा प्रति मूल १७,२८० डॉलर होती आणि त्यातले ५,००० डॉलरपर्यंत परताव्याच्या रूपात मिळू शकतात. भारतातून दत्तक घेतानाचं शुल्कही तुमच्यासाठी वेगळं, डॉलरमध्ये असतं.

बाकीच्यांनी आधी जायचं ठिकाण म्हणजे आपल्या जिल्ह्यातला जिल्हा बाल संरक्षण कक्ष. तो जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या हाताखाली असतो. तिथे नोंदणी कशी करायची ते विनामूल्य सांगतात, जवळच्या मान्यताप्राप्त दत्तक संस्थेचं नाव देतात. जाताना दोघांचे पॅन, आधार, लग्नाचा दाखला आणि उत्पन्नाचा पुरावा सोबत ठेवा. एकट्या व्यक्तीलाही अर्ज करता येतो, फक्त एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक घेता येत नाही. आणि वयाची बेरीज करून जा: दोन वर्षांपर्यंतचं बाळ हवं असेल तर पतीपत्नीच्या वयाची बेरीज ८५ च्या आत लागते, एकट्या पालकाचं वय ४० च्या आत.